पाटी बदलली, घरातला शब्द कधी बदलणार?



मागच्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर मला आरोग्यावर बोलायला सांगितलं होतं. विषय होता रक्त कमी असण्याचा. सोबत मुलींच्या हिमोग्लोबिनची तपासणीही ठेवली होती. पुढच्या रांगेत बसणाऱ्या एका आजींबरोबर त्यांची नात नेहमी येते. चौदा-पंधरा वर्षांची, सडपातळ, चेहऱ्यावर फिकटपणा. त्या दिवशी नेमकी तीच दिसली नाही. मी विचारलं, "आजी, नात कुठंय? तिचं तर रक्त तपासायचं होतं."

आजी आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला विटाळ आहे बाई. विहारात कशी आणू?"

या आजी साध्यासुध्या नाहीत. नामांतराच्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या होत्या. अंगावर कडेवरचं लेकरू होतं, ते शेजारणीकडे ठेवून गेल्या. आजही दर १४ जानेवारीला पांढरं लुगडं नेसून त्या विद्यापीठाच्या गेटवर जातात आणि पायरीला हात लावून येतात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आजी, विद्यापीठाच्या नावासाठी तुम्ही जेलात गेलात. मग हा शब्द अजून तोंडात कसा?"

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, ती पाटी बाहेरची होती. ह्यो शब्द घरातला हाय. घरातल्याकडं कुणाचं ध्यान जातंय?"

त्या एका वाक्यामुळे आजचा हा लेख लिहायला बसले आहे.

नावाची किंमत या शहराला सांगायला नको

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. वस्त्या जाळल्या, विहिरी बंद केल्या, माणसं मारली. पोचिराम कांबळे शहीद झाले. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला, ठरावानंतर सोळाव्या वर्षी, नामविस्तार झाला.

नाव म्हणजे नुसती अक्षरं असती, तर ती अक्षरं लिहिली जाऊ नयेत म्हणून कुणी आमची घरं जाळली नसती. विरोध करणाऱ्यांना नावाची ताकद आपल्याइतकीच कळली होती. ज्ञानाच्या दारावर कुणाचं नाव आहे, यावरून ते दार कुणाचं आहे हे ठरतं.

तरीही आमच्या कामातला एक तरुण कार्यकर्ता मला नेहमी म्हणतो, "ताई, नावानं काय होतं? शहराचं नाव बदललं म्हणून नळाला रोज पाणी आलं का?" त्याचा प्रश्न खोटा नाही. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे. पण आधी एक नर्स म्हणून मी जे पाहिलं ते सांगते. दवाखान्यात नावाने फार मोठा फरक पडतो. कधी कधी तो जीवावर बेततो.

विटाळ

हा शब्द कुठून आला, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या पणजोबाची सावली पडली की विटाळ. आपल्या हाताचं पाणी प्यालं की विटाळ. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून ते शुद्ध करून घेतलं. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी आपल्या अभंगात या विटाळालाच जाब विचारला, विटाळापासून सुटलेला देह दाखवा म्हणून.

ज्या शब्दाने आपल्या सगळ्या पिढ्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, तोच शब्द आपण आपल्याच घरात, आपल्याच लेकीला लावतो. महिन्यातले चार-पाच दिवस आपल्याच घरात एक अस्पृश्य तयार करतो. तिला विहारात नेत नाही, वंदनेला बसू देत नाही. कुणी 'विटाळ' म्हणतं, कुणी 'बाहेरची झाली', कुणी 'कावळा शिवला', कुणी नुसतंच 'अडचण आहे'. बुद्धाच्या धम्मात याला कुठे जागा आहे? १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण जुना धर्म सोडला, पण त्या धर्मातला हा एक शब्द गाठोड्यात बांधून सोबत घेऊन आलो.

याचा आरोग्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. ऐका. दुसऱ्या दिवशी मी त्या आजींच्या घरी गेले आणि नातीचं रक्त तपासलं. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ हवं. तिचं ८ च्याही खाली होतं. तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की वर्षभरापासून तिची पाळी नऊ-दहा दिवस चालते, गाठी पडतात, रात्री दोनदा कपडा बदलावा लागतो. "आईला सांगितलं नाहीस?" म्हटलं. ती म्हणाली, "विटाळाचं काय सांगायचं?"

पोट दुखलं असतं, ताप आला असता, तर तिने सांगितलं असतं. कारण ते आजार आहेत. विटाळ आजार नसतो, तो दोष असतो. दोष लपवायचा असतो. म्हणून कपडा उन्हात वाळत नाही, तो इतर कपड्यांच्या खाली, सावलीत, ओलसरच राहतो. म्हणून जंतुसंसर्ग होतो. म्हणून जास्त रक्त जाणं हे डॉक्टरपर्यंत पोचत नाही. मुलगी वर्गात चक्कर येऊन पडते आणि आपण म्हणतो, आजकालच्या पोरी खातच नाहीत. तिला मी घाटीत पाठवलं. उपचार सुरू झाले. पण गेलेलं वर्ष एका शब्दाने खाल्लं.

पिशवी

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल लिहिते. नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नोकरीला लागले, त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. एका खाजगी दवाखान्यात होते. तिथे ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेण्याचं काम माझ्याकडे असे. एक तिशीच्या आतली बाई आली होती. पांढरं पाणी जायचं, कंबर दुखायची. मी कागद पुढे केला आणि रोज म्हणायचे तेच म्हटलं, "पिशवीचं ऑपरेशन आहे, इथं अंगठा करा." तिने केला.

आठवड्याने ती टाके काढायला आली. जाता जाता विचारलं, "सिस्टर, आता पाळी किती दिवसांनी येईल?"

मला आधी कळलंच नाही. मग सांगितलं की आता पाळी येणार नाही, पिशवी काढली ना. ती माझ्याकडे बघत राहिली. "काढली? मला तर साफ करायची म्हणले होते."

पिशवी साफ करणं आणि पिशवी काढणं, दोन्हीला आम्ही 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणत होतो. त्या दोन शब्दांत तिचा जो अवयव गेला, तो परत येणार नव्हता. कागदावर इंग्रजीत सगळं बरोबर लिहिलेलं होतं. अंगठा मात्र मराठी शब्दावर झाला होता, आणि तो शब्द मी उच्चारला होता. आज मी नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करते, त्यामागे त्या बाईची ती नजर आहे.

आपल्या आयाबाया पूर्वी 'गर्भपिशवी' म्हणायच्या. चांगला, नेमका शब्द आहे. हळूहळू त्यातला 'गर्भ' गळाला आणि नुसती 'पिशवी' उरली. पिशवी काय, फाटली तर फेकायची, जुनी झाली तर टाकायची. "दोन लेकरं झाली ना, मग आता पिशवीचं काय काम?" हे वाक्य मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, सासूच्या तोंडून ऐकलं आणि खुद्द त्या बाईच्या तोंडूनही ऐकलं. हृदयाला कुणी 'पंप' म्हणून काढून टाकत नाही. "पिशवीला सूज आहे", "पिशवी खराब झाली", "ठेवली तर कॅन्सर होईल", एवढ्या तीन वाक्यांवर मराठवाड्यात किती ऑपरेशनं झाली असतील याचा विचार करा.

बीडचं उदाहरण तर देशभर गेलं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणी शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक. देशपातळीवरच्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे.

यातही नावांचा खेळ बघा. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. म्हणजे त्या बाईला आधी नाव दिलं हत्याराचं. हत्याराला पाळी येत नाही, हत्याराचं पोट दुखत नाही. दुखलं आणि एक दिवस फडावर गेली नाही तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात. मग बाईच हिशेब करते की दर महिन्याच्या खाड्यापेक्षा पिशवी काढलेली बरी. बाई कोयता झाली आणि तिचं गर्भाशय पिशवी झालं, की मग ते कापायला कुणाचाच हात थरथरत नाही. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब बोलले होते. शंभर वर्षं होत आली, आणि उसाच्या फडातली बाई अजून कोयत्यातच मोजली जाते.

मग नुसतं नाव बदलून भागेल का?

आता त्या तरुण कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येते. भागणार नाही. हे मी स्पष्टच सांगते.

पूर्वी आपल्याकडे 'महारोग' म्हणायचे. नावातच इतकी दहशत की माणूस चट्टा लपवायचा, बोटं झडेपर्यंत घराबाहेर पडायचा नाही. नाव बदलून 'कुष्ठरोग' झालं. औषधं आली, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि सहा ते बारा महिन्यांत आजार बरा होतो. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतंच. ते काढलं २०१९ मध्ये. नाव पुढे गेलं होतं, कायदा मागे राहिला होता.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. निर्णय चांगलाच आहे. केसपेपरवर पत्ता सांगताना माणसाची मान खाली जात होती, ती वर आली. पण त्याच समतानगरात गटार उघडं असेल, तर पावसाळ्यात जुलाबाची साथ जुनीच राहणार. पाटी लावून गटार झाकलं जात नाही.

आणि गोड नावापासून तर आपण दुप्पट सावध राहिलं पाहिजे. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात आलेल्या एका विधेयकात आपल्या लोकांसाठी 'हरिजन' शब्द वापरला, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. नाव वरवर देवाचं होतं. मग विरोध कशाला? कारण ते दुसऱ्यांनी दिलेलं होतं, ज्यांचं नाव त्यांना विचारलेलंच नव्हतं. आणि त्या गोडव्याखाली स्थिती तीच राहणार होती. आज आपण 'अपंग' सोडून 'दिव्यांग' म्हणतो. माझ्या ओळखीची एक मुलगी कुबड्या घेऊन चालते. ती म्हणते, "ताई, मला दिव्य म्हणू नका. दवाखान्याला रॅम्प करा."

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. शिवी देणारं नाव नको, झाकणारं नको आणि साखर लावलेलंही नको. ज्याचं शरीर त्याला समजेल असं खरं नाव हवं. खरं नाव आजार बरा करत नाही, पण आजाराला दवाखान्याच्या दारापर्यंत आणतं. दाराच्या आत काय मिळायला हवं, यासाठीची लढाई वेगळी आहे आणि ती आपल्याला लढायचीच आहे. पण बाई दारापर्यंत आलीच नाही, तर आतल्या सोयी कुणासाठी?

आपल्या हातात काय आहे

पाळीला पाळी म्हणा. मुलीसमोर म्हणा, मुलासमोरही म्हणा. आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर ती आजाराची खूण आहे, डॉक्टरला दाखवा. पाळी पूर्ण बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एकही दिवस थांबू नका.

विहाराच्या समित्यांना विनंती आहे. वंदनेच्या वेळी एकदा जाहीर सांगा की पाळी असलेल्या भगिनींना विहार खुलं आहे. हे न बोलता समजेल, असं धरून चालू नका. जुनी भीती न बोलता जात नाही.

पांढरं पाणी जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असतं आणि गोळ्यांनी बरं होतं. नवऱ्यालाही औषध लागू शकतं. एवढ्यावरून गर्भपिशवी काढायची नसते. तीस वर्षांवरच्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. कॅन्सरची भीती असेल तर आधी ती तपासणी करून घ्या.

आणि कुणी ऑपरेशन सांगितलं, तर अंगठा किंवा सही करण्याआधी हे विचारा:

१. माझ्या आजाराचं नाव काय? मराठीत सांगा आणि कागदावर लिहून द्या.

२. गर्भपिशवी साफ करणार की काढणार?

३. सोबत अंडाशयही काढणार का? (तरुणपणी अंडाशय काढले तर पाळी जाण्याचा त्रास लवकर सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो.)

४. आधी औषधांनी काय उपचार करून पाहिले? सोनोग्राफीत काय निघालं?

५. मी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन आले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर चिडले, तर नक्की दुसरीकडे दाखवा. कॅन्सर असेल, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तर ऑपरेशन गरजेचं असतं आणि ते टाळू नये. पण गरज आहे हे समजून केलेली सही वेगळी आणि 'पिशवी' या शब्दावर उठलेला अंगठा वेगळा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते. ती भिंतीवर शोधा, वाचा, वाचता येत नसेल तर पोराला वाचून दाखवायला सांगा. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या लागू करायला सांगितलं आहे. हा कायद्याचा आधार तुमच्यामागे आहे.

माझ्या नर्स भगिनींना आणि आशाताईंना हात जोडून सांगते. 'पिशवी'च्या आधी 'गर्भ' लावायला एक सेकंद लागतो. तो सेकंद मी एकदा वाचवला होता. त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आता त्या आजींचं सांगते. नातीचं हिमोग्लोबिन चढतंय. दोघी पुन्हा विहारात येतात. मागच्या महिन्यात शेजारच्या बाईने विचारलं, "आज नात मागं का बसलीय?" आजी म्हणाल्या, "तिला वि..." आणि थांबल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाळी आलीय तिला. पोट दुखतंय म्हणून भिंतीला टेकून बसलीय."

सत्तरीच्या आजींना जमलं. आपल्यालाही जमेल.

जय भीम!